अ‍ॅडमिशनच्या आधीचे पंधरा दिवस: घरातला शुगर-बीपीचा पेशंट जवळच्या दवाखान्यातच कसा सांभाळायचा

आमच्या परळच्या चाळीत कुणाला रात्री दोनला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं की सकाळी पाणी भरताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काल संध्याकाळपर्यंत तर चांगल्या होत्या हो!" चांगल्या नव्हत्या. आठवडाभर पाय सुजत होते, चपलेचा पट्टा रुतत होता, बीपीची गोळी संपून नऊ दिवस झाले होते आणि रात्री उशीला टेकून, अर्धं बसूनच झोपत होत्या. रात्री दोनला फक्त शेवटचा दम लागला.

शुगर, बीपी, दमा, अशक्त झालेलं हृदय, पावसाळ्यातले ताप आणि जुलाब यांच्यामुळे होणाऱ्या अ‍ॅडमिशनपैकी बऱ्याच टळतात. पण त्या टळतात घराजवळच्या लहान दवाखान्यात, आणि वेळेत गेलं तरच. लोक नेमकं उलटं करतात. आधी अंगावर काढतात, मग एकदम केईएम, सायन नाहीतर नायरची वाट धरतात. मोठ्या रुग्णालयाची ओपीडी म्हणजे नोकरीवर एक खाडा. तो एकदा पडतो, दुसऱ्या महिन्यात पाडवत नाही, आणि औषध तिथेच तुटतं.

खाली दिलेला क्रम बदलू नका. तयारी न करता दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना तुमच्यासाठी मिळणारी पाच मिनिटं "आधी काय चालू होतं?" या प्रश्नातच संपतील.

१. आधी घरी: गोळ्यांची पिशवी आणि एक फाइल

घरातल्या सगळ्या गोळ्या एका चटईवर काढा. फ्रिजवरच्या डब्यातल्या, देव्हाऱ्याच्या खणातल्या, उशीखालच्या, जुन्या पर्समधल्या, सगळ्या. चालू आणि बंद असं आत्ताच ठरवू नका.

मग प्रत्येक पाकिटावरचं मोठं, रंगीत नाव सोडून द्या आणि खालचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लावा, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. औषधाचं खरं नाव तिथे असतं. कंपन्या दोन, नावं दोन, रंग दोन आणि औषध मात्र एकच, असं फार वेळा निघतं.

माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं. एका डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन ही शुगरची दोन औषधं एकत्र असलेली गोळी दिलेली. वर्षभराने गुडघ्यासाठी दुसरीकडे दाखवलं, तिथे शुगर जास्त निघाली म्हणून नुसतं ग्लिमेपिराइड लिहून मिळालं. आई दोन्ही घेत राहिली, कारण एक गोळी पांढरी होती आणि दुसरी गुलाबी. आषाढी एकादशीला तिने दिवसभर फक्त वरीचे तांदूळ आणि चहा घेतला, पण "औषधाला उपास नसतो" म्हणून दोन्ही गोळ्या नेमाने घेतल्या. पहाटे घामाने साडी भिजलेली, मला ओळखेना. शुगर ४२. तीन दिवस अ‍ॅडमिट होती. दोन्ही डॉक्टरांनी आपापल्या जागी ठीकच लिहिलं होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी पाहिले नव्हते, मीसुद्धा.

म्हणून फाइल. महागडी नको, दहा रुपयांची प्लास्टिकची चालेल. कागद या क्रमाने लावा:

- सर्वांत वर एका कागदावर मोठ्या अक्षरात नाव, वय, आजार, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, घरच्या दोघांचे फोन नंबर.
- त्याखाली चालू औषधांची यादी: खरं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर.
- मग शेवटचं डिस्चार्ज कार्ड.
- मग रक्ताचे रिपोर्ट, नवीन वर, जुने खाली.
- ईसीजी. जुना ईसीजी टाकू नका. छातीत दुखत असताना काढलेला नवा ईसीजी डॉक्टर जुन्याशी ताडून बघतात, आणि त्याचा फार उपयोग होतो.

आयुर्वेदिक काढे, गावाहून आलेली पुडी, केमिस्टने दिलेली अंगदुखीची गोळी हेही यादीत लिहा. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. लाजून लपवलेली गोळी डॉक्टरांना रिपोर्टवरून ओळखता येत नाही.

*तपासा:* फाइल शेजारणीच्या हातात द्या. तुम्ही घरी नसताना तिला दोन मिनिटांत त्यातलं सगळं समजलं, तर फाइल बरोबर लागली.

२. एक दवाखाना ठरवा

मुंबईत जवळपास प्रत्येक वॉर्डात महापालिकेचे दवाखाने आहेत. २०२२ पासून त्यांत हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखान्याची भर पडली. त्यातले बरेच संध्याकाळीही चालू असतात, त्यामुळे कामावरून आल्यावर जाता येतं. एकदा जाऊन दारावरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा: वेळ, साप्ताहिक सुट्टी, रक्त घेण्याची वेळ. तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, रक्ताच्या नेहमीच्या चाचण्याही होतात. डोळे, दात, कान-नाक-घसा यांच्या तज्ज्ञांसाठी पॉलिक्लिनिक कुठे आहे आणि तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे त्याच दवाखान्यात विचारून घ्या.

खासगी फॅमिली डॉक्टर असतील तर तेही चालतील. मुद्दा सरकारी की खासगी हा नाहीच. दर महिन्याला एकाच माणसाने पेशंट पाहिला की पाच किलो वजन उतरलेलं, चेहरा फुगलेला, बोलणं मंदावलेलं त्याच्या लक्षात येतं. रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. फक्त पाटीवर डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे ना, ते बघा. आणि "ताप आला, इंजेक्शन घेऊन येतो" ही सवय सोडा. कसलं इंजेक्शन आहे हे सांगायला जो तयार नाही, त्याच्याकडून ते घेऊ नका.

आपल्या विभागात घरोघरी फिरणाऱ्या पालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका असतात. दार लावून घेऊ नका. पेशंटला जिने उतरवत नसतील तर ते सर्वांत आधी त्यांनाच सांगा.

३. पहिली भेट

सकाळी लवकर, उपाशीपोटी जा. रात्रीचं जेवण आटोपल्यावर आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही घेऊ नका.

*इथे हमखास चुकतं:* "उपाशी यायला सांगितलंय" म्हणून लोक बीपीची गोळीही घेत नाहीत. मग बीपी १८० दिसतं आणि डोस वाढतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन मात्र खाल्ल्याशिवाय नाही. ती डब्याबरोबर पिशवीत ठेवा आणि रक्त दिल्यावर, डबा उघडला की घ्या.

केस पेपर काढल्यावर हे विचारा, लाजू नका:

- तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी लिहाल का? (या एका चाचणीला उपाशी राहावं लागत नाही.)
- मूत्रपिंड कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं शेवटची कधी पाहिली?
- डोळ्यांचा पडदा कुठे तपासायचा? शुगरवाल्यांनी तो दरवर्षी, नीट दिसत असलं तरीही तपासायचा असतो.
- हे जरा पाय बघता का?

शेवटचं विसरू नका. पेशंटचे मोजे-चपला स्वतः काढून द्या. शुगरने पायाची संवेदना गेली की खिळा रुतलेला कळत नाही. जखम बरी होईना म्हणून भरती होणारे बरेच पेशंट पायावरच्या एका साध्या फोडापासून सुरू झालेले असतात.

निघताना औषधांचे दिवस मोजा. जितक्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्याच्या पाच दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर गोल करा. एखादं औषध तिथे नसेल तर डॉक्टरांकडून खरं नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रातून आणा. "पुढच्या वेळी मिळेल" असं म्हणून घरी येऊ नका.

(एक गंमत सांगते. मेडिक्लेम आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना यांचा भर अ‍ॅडमिशनवर असतो. रोजच्या गोळ्यांसाठी खिशातच हात घालावा लागतो. त्यामुळे माणसं गोळीत पैसे वाचवतात आणि खाटेवर पोचतात. म्हणून मोफत मिळणारी गोळी सोडू नका.)

४. घरची नोंद: वही, भिंतीवरचं घड्याळ, वजनकाटा

बीपी: यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको. चहा, तंबाखू, मिश्री, जिना चढणं यांनंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. बाहीवरून पट्टा बांधू नका, आणि मोजताना टीव्हीवरच्या सुनेबद्दल बोलू नका. बोलण्याने आकडा खरंच वाढतो.

वजन: हृदय अशक्त असलेल्यांसाठी ही सर्वांत स्वस्त तपासणी. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन चढलं तर ती चरबी नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. त्याच दिवशी दवाखान्यात जा, पाय सुजायची वाट बघू नका. आणि आपल्या घरांमध्ये मीठ भाजीतून कमी, कडेकडेने जास्त येतं: पापड, लोणचं, सुकट, खारे बोंबील, फरसाण. "मी तर अळणी खाते" म्हणणाऱ्या माझ्या मावशीच्या ताटात खाऱ्या बांगड्याचा तुकडा असायचाच.

दम्याचा पंप: आधी घरात कोणते पंप आहेत ते ओळखा. एक लगेच मोकळं करणारा, एक रोज घ्यायचा. बरं वाटलं की लोक रोजचा बंद करतात आणि फक्त लगेचवाला ओढत राहतात. दम्याच्या बहुतेक अ‍ॅडमिशनचं मूळ इथेच आहे. लगेचवाला आठवड्यात तीनदा लागायला लागला तर रोजच्या औषधाचं पुन्हा बघायला हवं.

पंप संपला हे आवाजावरून कळत नाही, कारण औषध संपल्यावरही नुसता वायू फुसफुसत राहतो. पाण्यात तरंगवून बघण्याची युक्तीही भरवशाची नाही. हिशोब करा: २०० पफचा पंप, रोज चार पफ, म्हणजे ५० दिवस. संपण्याची तारीख पंपावरच चिकटपट्टी लावून लिहा. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) मागून घ्या, मोठ्यांनाही लागतो. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

इन्सुलिन: फ्रिज नसेल तर उघडलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे टिकते. मुंबईच्या मे महिन्यात मात्र माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं.

५. कधी थांबायचं नाही

हा भाग छापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

*त्याच दिवशी दवाखाना:* पाच मिनिटं बसून दुसऱ्यांदा मोजलं तरी वरचं बीपी १८० किंवा खालचं १२० च्या पुढे, पण बाकी काही त्रास नाही. शुगर दोनदा ३०० च्या वर. पायावर कुठलीही जखम. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून झोपताना दोन उशा लागायला लागणं. दोन आठवड्यांवर खोकला (थुंकीची क्षयाची तपासणी मोफत होते).

*ताबडतोब १०८:* छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम. एका दमात वाक्य पुरं होईना. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणं अडखळलं. उच्च बीपीबरोबर दम, छातीत दुखणं किंवा दिसणं धूसर. ३०० च्या वरच्या शुगरबरोबर उलट्या, जोरजोराचा श्वास, गुंगी.

छातीतल्या दुखण्यावर सोडा-लिंबू देऊन तासभर "गॅस उतरतोय का" बघणं ही मुंबईची जुनी खोड आहे. पहिल्यांदाच असं दुखत असेल आणि वय चाळिशीपुढचं असेल, तर गॅस आहे हे ईसीजीला ठरवू द्या. अर्धांगवायूत तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून "शेवटचं नीट कधी बोलले?" ती वेळ कागदावर लिहूनच निघा.

शुगर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर: तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग पोळी-भाजी किंवा भात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर पुन्हा खाली येऊ शकते, म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पाणीही नाही, पेढाही नाही.

चाळीत राहणाऱ्यांसाठी: फोन झाला की एका मुलाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा, दुसऱ्याला जिन्यातल्या सायकली हलवायला लावा. हातांची मजबूत प्लास्टिकची खुर्ची तयार ठेवा. आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही, हे आम्हाला तिसऱ्या मजल्यावर ते आल्यावर कळलं.

६. पावसाळा

हिंदमाता असो की मिलन सबवे, साचलेल्या पाण्यातून चाललात तर घरी आल्यावर साबणाने पाय धुवा आणि लेप्टोच्या (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा. ताप यायची वाट बघायची नाही, ती गोळी ताप येऊ नये म्हणूनच असते. पायाला जखम होती का, किती वेळा पाण्यात गेलात, गरोदर आहात का, मूल आठ वर्षांखालचं आहे का, हे सांगा. औषध आणि डोस त्यावरून बदलतो, म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी नको. नंतर पोटऱ्या दुखून ताप आला, डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, तर "पाण्यातून चाललो होतो" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

डेंग्यूच्या तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. सगळ्यांत मोठी चूक ताप उतरल्यावर होते. घरचे निर्धास्त होतात, आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच धोका सुरू होतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, माणूस मलूल: रात्र काढू नका. पपईच्या पानांचा रस काढण्यात जाणारा वेळ मुलाने किती वेळा लघवी केली ते मोजण्यात घालवा.

जुलाब: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओता. अर्धं पाकीट एका पेल्यात टाकलं की ते फार खारट होतं आणि मुलांना अपाय करतं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

शुगर-बीपीवाल्याला उलट्या-जुलाब लागले तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात फोन करून किंवा जाऊन कोणती गोळी तात्पुरती थांबवायची ते विचारा. लघवी वाढवणाऱ्या, बीपीच्या काही आणि शुगरच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. इन्सुलिन मात्र "जेवलेच नाहीत" म्हणून आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका.

७. डिस्चार्ज मिळाल्यावर

अ‍ॅडमिट व्हावं लागलंच, तर दुसरी अ‍ॅडमिशन टाळायचं काम डिस्चार्जच्या टेबलापाशी सुरू होतं. गाडी खाली उभी असली तरी निघायच्या आधी सिस्टरांना किंवा डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: जुन्यातल्या कोणत्या गोळ्या बंद, नवीन कोणत्या आणि किती दिवस, पुन्हा कधी यायचं. बंद झालेल्या गोळ्यांची पाकिटं घरी पोचताच वेगळी काढा. बहुतेक गोंधळ इथेच होतो, कारण जुना डबा जिथे होता तिथेच असतो आणि हात सवयीने तिकडे जातो.

मग सात दिवसांच्या आत डिस्चार्ज कार्ड घेऊन आपल्या ठरलेल्या दवाखान्यात जा, बरं वाटत असलं तरी. तिथल्या डॉक्टरांना अ‍ॅडमिशनची बातमी आपोआप कळत नाही.

८. गावी जाताना

गणपती आणि शिमग्याला कोकणात गेलेले पेशंट परतल्यावर आजारी का पडतात, याचं उत्तर बहुतेक वेळा गोळ्यांच्या हिशोबात सापडतं. जायच्या आठवडाभर आधी दवाखान्यात जाऊन सांगा: इतके दिवस जाणार आहे. राहण्याचे दिवस अधिक चार, इतक्या गोळ्या मागा. परतीचं तिकीट वेटिंगवर राहू शकतं, गाडी रद्द होऊ शकते. यादीचा फोटो गावच्या माणसाच्या मोबाइलवर पाठवा आणि तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. मोदक किती खायचे हे पेशंटशी आधीच ठरवा, आरतीनंतर ठरत नाही.

आणि गोळ्यांची पिशवी एसटीच्या डिकीत टाकलेल्या बॅगेत नको. ती पाण्याच्या बाटलीशेजारी, मांडीवरच्या पिशवीत.